वजा गुणिले वजा अधिक का? सातवीतल्या मुलीला पटेल असं उत्तर हवंय

अडत_दुकान

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यम. पूर्णांक संख्यांच्या गुणाकाराचा धडा झाला. उदाहरणं सगळी बरोबर येतात, चिन्हांचा तक्ता पाठ आहे. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते माझ्याच्याने सुटत नाहीये.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. हळद आणि बेदाणा. दिवसभर जमा-नावे, उचल, पट्ट्या हेच. त्यामुळे घरात समज असा की बाबांना हे येणारच. मी आपला सवयीने सुरू झालो. धन म्हणजे येणं, ऋण म्हणजे देणं. आपल्याला तिघांचे प्रत्येकी पाचशे द्यायचेत, तर तीन गुणिले उणे पाचशे, डोक्यावर दीड हजार. इथवर गाडी सुरळीत. मग ती म्हणाली, "आता उणे तीन गुणिले उणे पाचशे सांगा." मी गप्प. देण्याला देण्याने गुणायचं म्हणजे नेमकं काय करायचं? रुपये गुणिले रुपये असा व्यवहार मी तरी कुठल्या खतावणीत बघितलेला नाही. आणि देणं गुणिले देणं बरोबर येणं असं खरंच असतं, तर आमच्या यार्डातले निम्मे व्यापारी आज बंगल्यात राहिले असते.

शिकवणीच्या सरांनी "शत्रूचा शत्रू तो मित्र" असं सांगितलंय. त्यावर हिचं म्हणणं, मग (−५) + (−३) इथे पण शत्रू आणि शत्रूच आहेत की, तिथे −८ कसं? तिच्या वर्गातली बरीच पोरं तिथे बिनधास्त +८ लिहितात आणि वर "वजा वजा अधिक" असं म्हणून दाखवतात. म्हणजे नियम पाठ आहे, पण कुठे लावायचा ते कुणालाच ठाऊक नाही.

"पाठ कर" म्हणून मोकळं होता येतं, पण ती पाठ करूनच बसलीय. तिला पटायला हवंय. आणि खरं सांगू का, मलाही.

पाढे_पाठ

एवढा खल कशाला? वजा चिन्हं सम असली की उत्तर अधिक, विषम असली की वजा. आम्ही हेच घोकलं, शिष्यवृत्तीला बसलो, पास झालो, पुढे नोकरीलाही लागलो. "का" विचारायला पुढे कॉलेज आहेच. आधी हात बसू द्या.

गणिताच्या_बाई

पाढे_पाठ, त्या मुलीचा हात बसलेलाच आहे. मूळ पोस्ट पुन्हा वाचा.

दादा, मी सातारा जिल्ह्यात सहावी ते आठवीला गणित शिकवते. तुमच्या मुलीसारखं एखादं पोर दरवर्षी निघतं आणि माझा तो तास कारणी लागतो.

आधी ते +८ निकालात काढू. "वजा वजा अधिक" हे तीन शब्द माझ्या वर्गात एकटे उच्चारायला बंदी आहे. पुढे "गुणाकारात" लावलं तरच चालतं. −५ − ३ मध्ये दोन वजा दिसतात, डोक्यात ती घोकंपट्टी वाजते आणि हात +८ लिहून मोकळा होतो. बेरजेत उलटापालट काही नाहीच. संख्यारेषेवर शून्यापासून डावीकडे पाच घरं जा, तिथून आणखी तीन घरं डावीकडेच जा. उणे आठ. एकदा रेषेवर बोट फिरवलं की संपलं. त्या शत्रू-मित्रांना मात्र घराबाहेर काढा. त्यांना बेरीज कुठली आणि गुणाकार कुठला हे कळत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आता मुख्य मुद्दा. ऋण संख्या घटकाभर विसरा. सगळ्या साध्या संख्या घेऊ.

चौकटीची वही काढा. उभी दहा, आडवी दहा घरं घेऊन चौरस आखा, आत शंभर घरं. वरच्या दोन ओळी पेन्सिलीने आडव्या रेघा मारून भरा. मग उजवीकडचे तीन उभे रकाने उभ्या रेघांनी भरा, अगदी वरपासून खालपर्यंत. कोरा तुकडा उरेल तो आठ ओळी आणि सात रकान्यांचा. आठ साते छप्पन्न. मोजू द्या तिला, पोरं मोजल्याशिवाय राहत नाहीत.

मग सांगा, हे छप्पन्न मोजून नको, शंभरातून वजा करत करत आण. दोन ओळी गेल्या, २० घरं. तीन रकाने गेले, ३० घरं. १०० − २० − ३० = ५०. पण समोर तर ५६ आहेत. सहा घरांचा फरक कुठून आला?

इथे तुम्ही तोंड उघडायचं नाही. चहा घ्या, काहीही करा, पण सांगू नका. वरच्या उजव्या कोपऱ्याकडे तिची नजर जाईल. तिथे आडव्या रेघा आहेत आणि उभ्याही, जाळी झालीय. ती घरं दोन ओळी गुणिले तीन रकाने, म्हणजे सहा. ओळी काढताना ती एकदा वजा झाली आणि रकाने काढताना पुन्हा वजा झाली. जायला हवी होती एकदाच. म्हणून सहा परत मिळवायचे.

मग त्याखाली हे लिहा:

(१० − २) × (१० − ३) = १०० − ३० − २० + ६ = ५६

शेवटचं ते ६ कशातून आलं? एका कंसातल्या उणे दोनने दुसऱ्या कंसातल्या उणे तीनला गुणलं, त्यातून. तिथे हट्टाने −६ ठेवलं तर उत्तर ४४ येतं, आणि मग पाढाच बदलायला लागेल. पाढा तर बदलणार नाही. म्हणून चिन्ह अधिक.

आवडलं तर हेच ९८ × ९७ ला लावा. १०००० − ३०० − २०० + ६, म्हणजे ९५०६. उभा गुणाकार करून पडताळा घ्यायला सांगा. तोंडी हिशेब करणारी माणसं हे रोज करतात, फक्त आपण वजाला वजाने गुणतोय हे त्यांच्या गावीही नसतं.

आता तुमच्या "देणं गुणिले देणं" कडे वळते. तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण मग रुपयांना रुपयांनी आपण धन असले तरी गुणत नाही. तीन गुणिले पाचशे मधले तीन हे रुपये कुठे आहेत? त्या तीन नोंदी आहेत. म्हणजे उणे तीन याही नोंदीच, फक्त घातलेल्या नाहीत, काढून टाकलेल्या. तुमच्या पट्टीतच बघा ना. शेतकऱ्याच्या रकमेतून हमाली-तोलाई कापता. समजा ४० रुपयांच्या तीन कपाती जादा पडल्या आणि त्या तुम्ही रद्द केल्या. शेतकऱ्याच्या हातात १२० रुपये जास्त पडले. कपात −४०, नोंदी −३, फरक +१२०. देण्याला देण्याने गुणलं नाही, देणं पुसलं.

हे उदाहरण इथेच सोडते. त्याने मन तयार होतं, सिद्ध काही होत नाही. उणे अडीच नोंदी कशा रद्द करणार? संख्या मात्र −२.५ पण असते आणि तिलाही नियम तोच.

सिद्धता तिच्याकडूनच लिहून घ्या. फार नाही, चार ओळी आहेत. कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य, हे तिला मान्य आहे. शून्य म्हणजे ४ + (−४), हेही मान्य. मग

(−३) × [ ४ + (−४) ] = ०

कंस सोडव म्हणावं.

(−३) × ४ + (−३) × (−४) = ०

पहिला गुणाकार तिला येतो. उणे तीन चार वेळा, म्हणजे −१२. उरलं काय?

−१२ + (−३) × (−४) = ०

उणे बारामध्ये काय मिळवलं की शून्य होतं? बाराच. दुसरं काही चालतच नाही.

आणखी एक पद्धत सर्रास दिसते, ३ × (−४), मग २ × (−४), मग १ × (−४) असं खाली उतरत जायचं आणि दर पायरीला उत्तर चारने वाढतंय हे दाखवायचं. वाईट नाही. पण हुशार पोर विचारतं, "शून्याच्या खाली पण तसंच वाढेल कशावरून?" आणि त्याचं उत्तर त्या तक्त्यात नसतं. म्हणून मी चौकटींपासून सुरू करते.

शके_१०३६

बाई, चौकटींचं झकास. थोडं जुनं सांगतो, मुलीला गोष्ट म्हणून सांगता येईल.

हा नियम आपल्याकडे स्पष्ट शब्दांत लिहिला ब्रह्मगुप्ताने, शके ५५० म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, भिनमाळला. आज ते राजस्थानात जालोर जिल्ह्यात येतं. त्याच्या ब्राह्मस्फुटसिद्धांत या ग्रंथाचा अठरावा अध्याय: "ऋणमृणधनयोर्घातो धनमृणयोर्धनवधो धनं भवति." ऋण आणि धन यांचा गुणाकार ऋण, दोन ऋणांचा धन, दोन धनांचा धन. एका ओळीत विषय संपवला. का, ते सांगितलेलं नाही. त्याच अध्यायात शून्याला शून्याने भागलं तर शून्य असंही तो ठोकून देतो, जे आज कुणी मान्य करणार नाही. म्हणजे मोठ्या माणसाने लिहिलं म्हणून पाठ करायचं हा मार्ग तेव्हाही धोक्याचाच होता. (पाढे_पाठ, हलकेच घ्या.)

त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी आपले भास्कराचार्य. जन्म शके १०३६, माझं इथलं नाव त्यावरूनच. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात, "स्वयोरस्वयोः स्वं वधः स्वर्णघाते क्षयः". नियम तोच, चाल वेगळी. ऋण संख्या दाखवायला ते अंकाच्या डोक्यावर टिंब देत, आजच्यासारखी आडवी रेघ नव्हे.

पण मला यातलं खरं रंजक वाटतं ते त्यांचं माकडांचं उदाहरण. माकडांच्या एका कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर बसलेलं दिसतंय. कळप किती? उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, तीन गेले ७, वर्ग ४९, फांदीवरचं एक धरून ५०. जमलं. आता पाच घ्या. पाचवा भाग १, तीन गेले −२. उणे दोन गुणिले उणे दोन, चार. चार आणि फांदीवरचं एक, पाच. हेही जमलं! हे जमतं ते निव्वळ बाईंच्या त्या +६ च्या बळावर. तरी भास्कराचार्य सांगतात, दुसरं उत्तर घेऊ नका, कारण एकातून तीन माकडं वजा करायची ही गोष्ट लोकांना पटत नाही. ज्या माणसाने नियम श्लोकात बांधला, त्यालाही उणे दोन माकडं दाराशी नकोत.

पण म्हणून ते ऋण उत्तराला सरसकट नाकारत नाहीत. लीलावतीत एक त्रिकोण आहे, बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला तर तो पायाच्या बाहेर पडतो आणि पायाचा एक तुकडा उणे सहा येतो, दुसरा पंधरा. तिथे ते उत्तर फेकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट्या दिशेला, असा अर्थ लावतात. लंब ८ येतो. पडताळा घेऊन बघा, ८ आणि ६ वरून १०, ८ आणि १५ वरून १७. माकडांना नकार आणि रेषेला होकार, हा विवेक मला फार आवडतो.

आणि "का" चं काय? उपपत्ती, म्हणजे कारण, देण्याचं काम टीकाकारांनी केलं (टीका म्हणजे इथे ग्रंथाचा अर्थ उलगडणारं भाष्य). सोळावं शतक संपून सतरावं सुरू होताना कृष्ण दैवज्ञाने बीजगणितावर टीका लिहिली. त्यात ऋणत्व तीन तऱ्हेचं सांगितलंय, देशाचं, काळाचं आणि वस्तूचं. पूर्वेच्या उलट पश्चिम, पुढच्या दिवसांच्या उलट मागचे दिवस, आणि मालकीच्या उलट देणं. म्हणजे अडत_दुकान, तुमचं देणं-येणं तिसऱ्या खणात बसतं आणि बाईंची संख्यारेषा पहिल्या.

तिकडे इंग्लंडात १७५८ मध्येही फ्रान्सिस मेझेरेस नावाचा गणिती ऋण संख्यांच्या वापराविरुद्ध ग्रंथ लिहीत होता. मुलीला सांगा, तिला शंका आली यात लाजण्यासारखं काही नाही, संगत चांगली आहे.

जाता जाता: चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर आठवण ठेवा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला होता. त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

अडत_दुकान

बाई, चौकटी आखल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो, जड गेलं. ती जाळीकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "कोपरा दोनदा कापला गेलाय." मग पुढचं सगळं तिने स्वतःच लिहिलं. रद्द केलेल्या कपातीचं तर मलाच इतकं पटलं की दुकानात दिवाणजींना ऐकवलं. ते म्हणाले, कपात रद्द केली की जमा बाजू वाढते, यात नवीन काय.

पण शंका संपलेली नाही, नवीन निघाली. तिचं म्हणणं असं: चौकटींत सगळ्या संख्या धनच होत्या. दहातून दोन काढले, तिथे उणे दोन नावाची वेगळी संख्या कुठे होती? आणि चार ओळींच्या सिद्धतेत आपण कंस सोडवला, पण कंस सोडवायचा नियम ऋण संख्यांनाही लागतो हे कुणी सांगितलं? तो तर आपण धन संख्यांवर शिकलो.

दुसरं, दुकानातल्या एक्सेलमध्ये गंमत म्हणून =-५^२ टाकलं तर २५ आलं. तिच्या दादाच्या वहीत −५² = −२५ असं सरांनी तपासून दिलंय. आता यातलं खरं कोणाचं?

उणे_एक

एक्सेलचं मी सांगतो, रोजचं दुखणं आहे.

वही बरोबर. गणिताच्या लिखाणात घात आधी, चिन्ह मग. −५² म्हणजे ५ चा वर्ग करून त्याला उणे लावलं, −२५. उणे पाचाचाच वर्ग हवा असेल तर (−५)² असं कंसात लिहायचं, आणि त्याचं उत्तर २५.

एक्सेलने स्वतःचा संकेत वेगळा ठेवलाय. सूत्राच्या सुरुवातीचं उणे चिन्ह ते अंकालाच चिकटलेलं धरतं आणि घात नंतर करतं. म्हणून २५. गंमत म्हणजे तिथेच =०-५^२ लिहिलं तर −२५ येतं, कारण आता ते चिन्ह अंकाचं नाही, वजाबाकीचं झालं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत घाताला ** वापरतात; तिथे -५**२ लिहा, वहीसारखं −२५ येईल. चिन्हांचा नियम दोन्हीकडे तोच आहे, फरक आहे तो आधी काय करायचं याचा. हिशेबाच्या शीटमध्ये घात वापरत असाल तर कंस घालायची सवय लावा, =-(५^२) असं. नाहीतर एका शीटमधलं सूत्र दुसरीकडे उचलून नेलं की चिन्ह फिरतं आणि चूक शोधता शोधता रात्र होते. दुकानाच्या शीटमध्ये घात फारसे लागत नसतील, पण चक्रवाढ व्याज काढत असाल तर लागतातच.

गणिताच्या_बाई

दादा, पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. हा प्रश्न मला बी.एड.ला कुणी विचारला नव्हता.

उत्तर सरळ आहे आणि तिला सरळच सांगा: हे कुणी शोधून काढलं नाही, ठरवलंय. ऋण संख्या आपण नव्याने आणल्या. त्यांच्यावर गुणाकार कसा करायचा हे कुठे आधीपासून कोरून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा एकच अट घातली, की बेरीज-गुणाकाराचे जे नियम धन संख्यांना लागतात ते या नवीन संख्यांनाही लागले पाहिजेत. क्रम बदलला तरी उत्तर तेच यायला हवं, शून्याने गुणलं की शून्य व्हायला हवं, कंस तसाच सुटायला हवा. अट आपली. पण एकदा अट घातली की पुढचं आपल्या हातात राहत नाही. (−२) × (−३) ला ६ सोडून दुसरं उत्तर उरतच नाही. हांकेल नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८६७ मध्ये हेच तत्त्व म्हणून मांडलं, संख्या वाढवत जाताना जुने नियम शक्यतो टिकवायचे.

तिला हट्ट करू द्या. म्हणावं, चल, (−२) × (−३) = −६ धरू. आता

(−२) × [ ३ + (−३) ]

हे दोन वाटांनी सोडव. कंसात आधी बेरीज केली तर आत शून्य, म्हणून उत्तर शून्य. कंस सोडवत गेलं तर −६ आणि तिच्या हट्टाचे −६, मिळून −१२. म्हणजे शून्य बरोबर उणे बारा. एकदा एवढं मान्य केलं की कुठलाही आकडा कुठल्याही आकड्याइतका ठरवता येतो आणि माझं पेपर तपासणं कायमचं बंद. सगळ्यांना पैकीच्या पैकी.

कंसाचा नियमच सोडून दिला तर −६ ठेवता येतं का? येतं. कुणी अडवणार नाही. पण मग कंस सोडवताना दरवेळी आधी बघायला लागेल की आत ऋण संख्या आहे की धन. अक्षर असेल तर काय करणार? अ ची किंमत धन की ऋण हे आपल्याला ठाऊकच नसतं, आणि आठवी-नववीचं निम्मं बीजगणित त्या न ठाऊक असलेल्या अ वरच उभं आहे. (अ − २)(अ − ३) चा विस्तार लिहिताना कुणी अ ला विचारत नाही की बाबा, तू उणे आहेस का.

"चौकटीत उणे दोन नव्हतंच" हेही तिचं बरोबर. चौकटीत होतं दोनचं काढून घेणं. आपण पुढे ठरवलं की दोन काढून घेणं आणि उणे दोन मिळवणं ही एकच गोष्ट धरायची. ते ठरल्यावर चौकटीतला +६ आपोआप ऋण संख्यांच्या वाट्याला येतो.

भागाकाराचं कुणी विचारलं नाही, पण पुढच्याच पानावर येईल. वेगळा नियम पाठ करायला लावू नका. −१२ भागिले −४ म्हणजे −४ ला कशाने गुणलं की −१२ येतात? तीनने. झालं.

उद्या तिला ही चार एकाखाली एक लिहून द्या. उत्तराआधी प्रत्येकापुढे शब्दांत लिहायचं, इथे बेरीज-वजाबाकी आहे की गुणाकार, आणि आधी काय करायचं.

−५ − ३
(−५) × (−३)
−(५ − ३)
१० − ३ × (−२)

पाढे_पाठ

मी पण करून बघितली. −८, १५, −२, आणि शेवटचं −१४.

गणिताच्या_बाई

पहिली तीन बरोबर. चौथ्यात गुणाकार आधी, म्हणजे १० − (−६). सोळा.